लेव्हल ओके : साताऱ्यातील एका ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या निदानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीलगत माझे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज आहे. पूर्वी वर्षाकाठी एखादीच ऑटोमॅटिक गाडी आमच्याकडे यायची. आता आठवड्याला दोन-तीन येतात. गिऱ्हाईक सगळ्यांनाच 'ऑटोमॅटिक' म्हणते, त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी पेटी, म्हणजे गियरबॉक्स, कोणत्या जातीची आहे हाच विचारावा लागतो. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचली. ती मुळात साधी मॅन्युअल पेटी असून तिचा क्लच आणि गियर यंत्र हलवते, म्हणून गियर बदलताना तिच्यात जाणवणारा थोडा हिसका हा दोष नसतो. सीव्हीटीत पट्टा आणि कप्प्या असतात, तर ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. येथे मांडलेले प्रकरण यांपैकी कशाचेही नसून टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या सहा गियरच्या पेटीचे आहे. तिच्यात इंजिन आणि गियर यांच्यामधला दुवा म्हणजे ऑइल असते, आणि पुढे जे काही घडले ते सगळे या ऑइलभोवतीच घडले.

गाडी पेट्रोलवरची, लहान एसयूव्ही, आठ वर्षे जुनी, मीटरवर ७१,००० किलोमीटर. मालक निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांच्या मुलाचे कास रस्त्यावर पर्यटकांसाठी निवासगृह आहे. किराणा, गॅस सिलिंडर, कधी पाहुणे असे घेऊन ही गाडी आठवड्यातून चार-पाच वेळा यवतेश्वर घाट चढते आणि महिन्यातून एकदोनदा पुण्याला जाते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत; तापमाने, मापे आणि कामाचा क्रम मात्र जॉबकार्डावर होता तसाच ठेवला आहे.

तक्रार

सर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आले तेव्हा त्यांनी दोन तक्रारी सांगितल्या. पहिली महामार्गावरची. वाढे फाटा सोडून लिंब खिंडीच्या बाजूला निघाले, गाडी साठ ते सत्तरच्या वेगात आली आणि रेस अगदी हलकी ठेवली, की दोन-तीन सेकंद सगळी गाडी थरथरायची. टोलनाक्याच्या अलीकडे रस्त्यावर जे उंचवटेवजा पांढरे पट्टे असतात त्यांवरून गेल्यासारखे वाटते, असे त्यांचे शब्द होते. रेस वाढवली की थरथर जायची, आणि रेस पूर्ण सोडली तरीही जायची.

दुसरी तक्रार घाटातली. यवतेश्वर चढताना एखाद्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम वर जायचा, आरपीएमचा काटा उडायचा, पण गाडी ओढायची नाही. मग अर्ध्या-पाऊण सेकंदाने हलका झटका देऊन गियर पुन्हा पकडायचा.

तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मला विचारून काढावी लागली. सकाळी गाडी चालू करून डी (पुढे) किंवा आर (मागे) लावल्यावर ती लगेच पकड घेते का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सकाळी जरा विचार करते. वय झालंय तिचं." साधारणपणे डी लावल्यावर सव्वा सेकंदाच्या आणि आर लावल्यावर दीड सेकंदाच्या आत पकड जाणवली पाहिजे. सरांच्या गाडीला सकाळी अडीच सेकंद लागत होते.

सरांनी एक छोटी वहीही आणली होती. प्रत्येक प्रसंगाची तारीख, ठिकाण, एसी चालू की बंद, गाडीत किती माणसे, असे पट्टीने आखलेले रकाने होते आणि अक्षर फळ्यावरच्यासारखे सुवाच्य होते. ती वही मी त्या दिवशी चाळली, वाचली नाही. या प्रकरणातला माझा पहिला चुकलेला निर्णय तोच होता.

आमच्याकडे येण्याआधी झालेली कामे

मार्च महिन्यात, ६४,००० किलोमीटरवर, महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडीचे नेहमीचे सर्व्हिसिंग झाले होते. त्या वेळी सरांनी स्वतःहून गियरबॉक्सचे ऑइल बदलायला सांगितले, कारण घाटात चालणाऱ्या गाडीचे ऑइल लवकर बदलावे असे त्यांच्या वाचनात आले होते, आणि ते बरोबरही होते. अनेक पुस्तिकांत हे ऑइल सामान्य वापरात बदलण्याची गरज नाही असे लिहिलेले असते, परंतु त्याच पुस्तिकेत खडतर वापराचे वेगळे कोष्टक असते आणि रोजचा घाट, ओझे, रांगेतली गाडी हे सगळे त्या कोष्टकात मोडते. मार्चच्या बिलावर 'ऑटोमॅटिक ऑइल ३ लिटर' आणि त्याच्या पुढे 'लेव्हल ओके' एवढेच लिहिलेले होते. कोणते ऑइल, किती निघाले, कोणत्या तापमानाला लेव्हल पाहिली, यांपैकी काहीच नव्हते. सरांना डब्याचा रंग आठवत होता, आणि त्यावरून ते सर्व गाड्यांना चालते असे सांगून विकले जाणारे ऑइल असावे, एवढा अंदाज बांधता आला.

जूनमध्ये थरथर सुरू झाल्यावर दुसऱ्या एका ठिकाणी गाडी मिसिंग करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, असे समजून चारही स्पार्क प्लग आणि एक कॉइल बदलली गेली. फरक पडला नाही. तिसऱ्या ठिकाणी, फक्त एक फेरी मारून, गियरबॉक्स गेला असून तो पूर्ण बदलावा लागेल आणि खर्च अडीच लाखांच्या घरात जाईल, असे सांगण्यात आले. सर आमच्याकडे आले ते या आकड्याने हबकून.

पहिली तपासणी आणि माझी चूक

स्कॅनर लावला. इंजिनात किंवा गियरबॉक्समध्ये चालू किंवा जुना, एकही दोषसंकेत नव्हता. सर लिंब खिंडीपर्यंत जाऊन तसेच थेट आमच्याकडे आले होते, त्यामुळे पेटी चांगलीच तापलेली होती. गाडी रॅम्पवर घेताना माझ्या मदतनीसाने सवयीने इंजिन बंद केले. या पेटीला डिपस्टिक नाही. खाली एक छोटा प्लग असतो आणि तो काढल्यावर ऑइलची बारीक धार आली तर लेव्हल बरोबर, असा नियम आहे. मी प्लग सैल केला, ऑइल आले, प्लग परत आवळला आणि जॉबकार्डावर लिहिले : लेव्हल ओके.

या नियमाला दोन अटी आहेत आणि त्या दोन्ही मला पाठ होत्या. इंजिन चालू असले पाहिजे, आणि ऑइलचे तापमान ठरलेल्या मर्यादेत असले पाहिजे. या पेटीसाठी ती मर्यादा ३५ ते ४५ अंश सेल्सिअस आहे. इंजिन बंद केले की पंप थांबतो, वरच्या मार्गांतले आणि कूलरकडचे ऑइल खाली पॅनमध्ये, म्हणजे पेटीच्या तळाच्या तबकात, उतरते आणि लेव्हल खोटी वर दिसते. शिवाय ऑइल तापले की फुगते. सात लिटरच्या आसपास ऑइल असलेल्या पेटीत चाळीस अंशांच्या वाढीने साधारण पाव लिटरचा फरक पडतो. म्हणजे मी जे पाहिले ती पेटीतली लेव्हल नव्हतीच. अटी माहीत असूनही त्या पाळल्या गेल्या नाहीत याचे कारण अज्ञान नव्हे. बिलावर 'लेव्हल ओके' आधीच वाचलेले असल्यामुळे मी तपासत नव्हतो, दुजोरा घेत होतो.

त्यानंतर मी सरांना सांगितले की कोड काहीच नाही, गाडी चालवत राहा, दिवा लागला की लगेच या. 'कोड नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा नसतो. गियरचे गुणोत्तर चुकल्याचा संकेत नोंदवण्याआधी गियरबॉक्सचा संगणक ती चूक ठराविक प्रमाणात आणि ठराविक वेळ टिकते का हे पाहतो. अर्ध्या सेकंदात सावरणारी घसरण त्या चाळणीतून सहज निसटते. माझ्या या सल्ल्यापायी अठरा दिवस गेले आणि गाडी आणखी सहाशे किलोमीटर तशीच धावली.

दुसरी भेट

जुलैच्या शेवटी एका रविवारी कासवरून परतणाऱ्या वाहनांच्या रांगेत, धुक्यात, सरांच्या मीटरवर गियरबॉक्स तापल्याची सूचना आली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, वीस मिनिटे थांबले आणि सावकाश खाली उतरले. या वेळी स्कॅनरमध्ये पी ०२१८ हा संकेत होता : गियरबॉक्सच्या ऑइलचे तापमान मर्यादेबाहेर. या संकेताने ताप सांगितला होता, दुखणे नव्हे.

येथे निर्णयाचा पहिला खरा टप्पा आला. काही गॅरेजांत अशा वेळी स्टॉल टेस्ट करतात, म्हणजे ब्रेक घट्ट दाबून, डी लावून, रेस पूर्ण देऊन इंजिन कितीपर्यंत चढते ते पाहतात. क्लच घसरतात का हे त्यातून कळते खरे, पण त्या पाच सेकंदांत इंजिनाची सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. जी पेटी आधीच तापते आहे आणि जिच्या ऑइलविषयी माझी खात्री नाही, तिची ही परीक्षा घ्यायची नाही असे मी ठरवले. मेमरी पुसून पेटी 'रिसेट' करून पाहावी अशी सूचना माझ्याच एका सहकाऱ्याने केली. तीही मी नाकारली. प्रत्येक क्लच ऑइलने भरायला किती वेळ आणि किती दाब लागतो हे पेटी स्वतः शिकून साठवत असते, आणि ते साठवलेले आकडे म्हणजे गेल्या काही महिन्यांत आत काय चालले होते याची नोंद असते. ते आकडे आधी वाचून त्यांचे फोटो काढून ठेवले. रिसेटने काही दिवस गाडी बरी वाटली असती आणि पुरावा मात्र गेला असता.

तीन आकडे, दोन फरक

टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीत स्कॅनरवर तीन वेग (आरपीएममध्ये) दिसतात : इंजिनाचा, कन्व्हर्टरमधून गियरकडे जाणाऱ्या टर्बाइनचा आणि पेटीतून चाकांकडे जाणाऱ्या आउटपुटचा. इंजिन आणि टर्बाइन यांच्यातला फरक कन्व्हर्टरविषयी सांगतो. टर्बाइन आणि आउटपुट यांच्यातले गुणोत्तर आतल्या गियरच्या क्लचविषयी सांगते. 'गियरबॉक्स घसरतो' हे वाक्य या दोहोंपैकी घसरण कुठे आहे हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे, आणि अडीच लाखांचा अंदाज त्या अपुऱ्या वाक्यावरच उभा होता.

पहाटे साडेपाचला, रस्ता रिकामा असताना, गाडी मी चालवली आणि मदतनीस मांडीवर स्कॅनर घेऊन शेजारी बसला. ऑइल फार तापू लागले तर जागीच परतायचे असे ठरवून समर्थ मंदिराच्या बाजूने वर निघालो. पाऊस नव्हता, पण धुके होते. वीस-पंचवीसच्या वेगात पहिले मोठे डावे वळण घेताना आवाज वर गेला. नोंद अशी होती : दुसरा गियर, आउटपुट ८००, टर्बाइन २३५०. या पेटीत दुसऱ्या गियरचे गुणोत्तर २.४ असल्यामुळे टर्बाइन १९२० असायला हवे होते. इंजिन आणि टर्बाइन यांच्यातला फरक त्या क्षणी फारसा बदललेला नव्हता. म्हणजे घसरण कन्व्हर्टरमध्ये नव्हती, दुसऱ्या गियरचा क्लच दाब सोडत होता.

पुढच्या उजव्या वळणावर मात्र काहीच झाले नाही. त्याच्या पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच. आम्ही पाच मोठी डावी वळणे घेतली, त्यांपैकी चार ठिकाणी गुणोत्तर सुटले. उजव्या वळणांवर एकदाही नाही. क्लचची अस्तरे झिजली असती तर त्यांना डावे-उजवे कळले नसते. दिशेप्रमाणे बदलणारी गोष्ट पेटीत एकच आहे, ती म्हणजे पॅनमधले ऑइल. डाव्या वळणावर ते उजवीकडे कलते. लेव्हल कमी असेल तर फिल्टरचे तोंड क्षणभर उघडे पडते, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि दाब कोसळतो.

वर पोहोचल्यावर सरांची वही आठवली. गॅरेजमध्ये परत येऊन ती या वेळी वाचली. घाटातल्या नऊ नोंदींपैकी सात नोंदींपुढे 'डावे वळण' असे लिहिलेले होते, आणि सगळ्या नोंदी चढतानाच्या होत्या. जे कळायला मला स्कॅनर, मदतनीस आणि पहाटेची फेरी लागली ते तीन आठवड्यांपूर्वी माझ्या टेबलावर पडलेले होते.

मग महामार्गावरची थरथर. पासष्टच्या वेगात, हलक्या रेसवर, कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि टर्बाइन थेट जोडणारा लॉकअप क्लच लागलेला असताना ती दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने फिरले पाहिजेत; या पेटीत तीस-चाळीसचा फरक चालतो. थरथर सुरू होताच हा फरक २० आणि १२० यांच्यामध्ये भराभर वरखाली होऊ लागला. टर्बाइन आणि आउटपुटचे गुणोत्तर मात्र स्थिर राहिले. रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला की लॉकअप सुटायचा आणि थरथर त्याच क्षणी थांबायची. ही ब्रेकची युक्ती बऱ्याच मेकॅनिकांना माहीत असते, पण एकटी ती पुरेशी नसते. इंजिन मिसिंग करत असेल तरी लॉकअप सुटल्यावर धक्के कन्व्हर्टरमधले ऑइल पचवते आणि थरथर कमी होते. दोन्ही दोष ब्रेकला सारखेच उत्तर देतात. म्हणून त्याच वेळी चारही सिलिंडरच्या मिसफायर मोजण्या पाहिल्या. चारही शून्यावर होत्या. प्लग आणि कॉइल बदलणाऱ्याने हा एक पडदा उघडून पाहिला असता तर सरांचे ते पैसे वाचले असते.

आता चित्र असे होते की दोन तक्रारी पेटीच्या दोन वेगळ्या भागांत होत्या, पण दोन्ही मार्चनंतरच सुरू झाल्या होत्या. मार्चमध्ये पेटीत एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे ऑइल.

लेव्हल, पुन्हा एकदा

गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी ऑइलचे तापमान २७ अंश होते. गाडी सपाट पिटवर घेतली, इंजिन चालू केले, ब्रेक दाबून पी पासून डी पर्यंत प्रत्येक जागी काही सेकंद थांबत लिव्हर फिरवला, आणि स्कॅनरवर ४० अंश दिसताच इंजिन चालू ठेवून प्लग काढला. एक थेंब आला नाही. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल पंपाने थोडे थोडे घालत गेलो; ८०० मिलिलिटर गेल्यावर प्लगमधून बारीक धार सुरू झाली.

मार्चचा हिशेबही नंतर जुळला. या पेटीतून एका वेळी सुमारे साडेतीन लिटर ऑइल निघते, आणि आत गेले होते तीन लिटर, म्हणजे एक-एक लिटरचे तीन डबे. अर्ध्या लिटरची तूट तिथेच पडली होती. त्यात गरम गाडीचा प्लग इंजिन बंद असताना उघडून धार बारीक होईपर्यंत वाहू दिली, तेव्हा उरलेले तीनशे मिलिलिटर गेले असणार.

त्याच दिवशी घाटाची फेरी पुन्हा केली. डावे, उजवे, कुठल्याच वळणावर गुणोत्तर सुटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डी लावल्यावर एका सेकंदात पकड आली. थरथर मात्र जशीच्या तशी राहिली, आणि माझ्या दृष्टीने ते अपेक्षित होते, कारण तिचा संबंध ऑइल किती आहे याच्याशी नव्हता, ऑइल कसे आहे याच्याशी होता.

हे सरांना समजावताना मी खडूचे उदाहरण दिले. खडू फळ्यावर एका विशिष्ट कोनात धरला की सरकण्याऐवजी अडकत-सुटत, अडकत-सुटत जातो आणि किर्र असा आवाज येतो. लॉकअप क्लच बसताना त्याची पृष्ठे काही क्षण एकमेकांवर घासतात. योग्य ऑइलमध्ये अशी रसायने असतात की घासण्याचा वेग कमी होत जाईल तसे घर्षणही हळूहळू कमी होते, त्यामुळे क्लच गुळगुळीत बसतो. ऑइल जुने झाले किंवा चुकीच्या प्रतीचे असले की हे उलटे होते. वेग कमी होताच घर्षण वाढते, क्लच अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. पस्तीस वर्षे खडू धरलेल्या माणसाला यापुढे काही सांगावे लागले नाही.

समोरचे पर्याय

पूर्ण गियरबॉक्स बदलण्याचा पर्याय आकड्यांनीच बाद केला होता, निदान त्या घडीला. उरले तीन. टॉर्क कन्व्हर्टर बदलणे, म्हणजे पेटी उतरवणे. त्याने थरथर निश्चित गेली असती, पण ऑइल दोषी असेल तर नव्या कन्व्हर्टरचे काम आपण त्याच ऑइलमध्ये सुरू केले असते, आणि ऑइल बदलायचेच असेल तर आधी ते बदलून पाहण्यात काहीच बुडत नव्हते. दुसरा पर्याय मशीन लावून सगळे ऑइल एकदम बदलण्याचा. ही पद्धत वाईट नाही, पण पॅन न उघडता ती केली तर आत काय साचले आहे ते कळत नाही, आणि मला या पेटीच्या पोटात काय आहे हे पाहायचे होते. तिसरा पर्याय पॅन काढून, फिल्टर बदलून, ऑइल टप्प्याटप्प्याने तीनदा बदलण्याचा. एका वेळी निम्मेच ऑइल निघते, बाकीचे कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. त्यामुळे पहिल्या खेपेनंतर नवे ऑइल ५० टक्के, दुसऱ्यानंतर ७५ आणि तिसऱ्यानंतर साधारण ८७ टक्के होते. वेळखाऊ आहे, पण प्रत्येक खेपेनंतर थरथरीत काय फरक पडतो हे मोजता येते, आणि तो फरकच निदानाचा पुरावा ठरतो.

पॅन उघडण्यापूर्वी सरांशी एक गोष्ट ठरवून घेतली. पॅनमध्ये लोखंडाचे कण पकडणाऱ्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर पुढे जायचे. चकाकणारे तुकडे किंवा काळ्या अस्तराचे पापुद्रे निघाले तर ऑइलवर आणखी पैसे घालायचे नाहीत आणि पेटी खोलण्याचा विचार करायचा. ही रेषा आधी आखणे मला महत्त्वाचे वाटते, कारण पॅन हातात आल्यावर मेकॅनिकला आपला अंदाज खरा करून दाखवण्याचा मोह होतो.

केलेले काम

पॅन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सर समोर बसलेले असताना उतरवला. ऑइल तपकिरी झाले होते आणि त्याला किंचित करपट वास होता. रंगावरून मी फारसा निष्कर्ष काढत नाही, कारण काही ऑइले मुळातच लाल नसतात आणि काही चांगली असूनही लवकर काळवंडतात. वास मात्र मी गांभीर्याने घेतो. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाकला. मधला डाग काळपट झाला, पण कडेपर्यंत पसरला आणि कण मागे राहिले नाहीत. दोन्ही चुंबकांवर बोटाने काजळासारखा पुसता येणारा गुळगुळीत राखाडी लेप होता. तो बोटांत चोळला तेव्हा खर लागली नाही. पिवळे कण नव्हते, पापुद्रे नव्हते. रेषेच्या अलीकडेच होतो.

फिल्टर आणि पॅनचे पॅकिंग नवे बसवले, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे साडेतीन लिटर ऑइल घातले, लेव्हल ४० अंशांना इंजिन चालू ठेवून घेतली. सुमारे ३०० किलोमीटर चालल्यावर दुसरी खेप केली आणि आणखी ४०० किलोमीटरनंतर तिसरी. शिकलेले आकडे पुसून पेटीला नव्याने शिकवण्याचे काम तिसऱ्या खेपेनंतरच केले. ते आधी केले असते तर सुधारणा ऑइलमुळे झाली की रिसेटमुळे, हे सांगता आले नसते. त्यानंतर मध्यम रेसवर सगळे गियर वर-खाली पडतील अशी आनेवाडी टोलनाक्यापर्यंत एक फेरी आणि गावातून एक फेरी घेतली.

सरांना एकच घाई होती. सप्टेंबरमध्ये कासला फुलांचा हंगाम सुरू होतो आणि त्या काळात घाटात गाड्यांची रांग लागते. त्याआधी गाडी खात्रीची व्हायला हवी होती. तिसरी खेप ऑगस्टच्या अखेरीला पूर्ण झाली.

परिणाम

पहिल्या खेपेनंतर थरथर कमी झाली, पण रोज येत होती. दुसऱ्यानंतर ती आठवड्यातून एकदोनदा येऊ लागली. तिसऱ्या खेपेनंतर लॉकअपमधला फरक तीस-चाळीसच्या आत स्थिर झाला. फक्त लिंब खिंडीच्या चढावर, पंचावन्न ते साठच्या मध्ये, एसी चालू असताना तो क्वचित साठपर्यंत जाऊन परत येतो. सरांना ते जाणवत नाही. मला जाणवते, कारण मी शोधत असतो. चुकीच्या ऑइलात काही महिने घासलेल्या लॉकअपच्या अस्तराला थोडी चकाकी आली असावी आणि ती नव्या ऑइलाने निघणार नाही. हा उरलेला भाग मी जॉबकार्डावर 'बरा झाला' असा लिहिला नाही.

हंगामातल्या गर्दीत, ओझ्यासह, घाटाच्या रांगेत सर्वाधिक तापमान ९६ अंश नोंदले गेले आणि तापल्याची सूचना पुन्हा आली नाही. ऑइल, फिल्टर, पॅकिंग आणि मजुरी धरून एकूण खर्च एकोणीस हजारांच्या आसपास झाला. पहिल्या भेटीच्या तपासणीचे पैसे मी त्यातून वजा केले; सर नको म्हणाले, पण ती तपासणी झालीच नव्हती.

कुठे वेगळे करता आले असते

सगळ्यात मोठी चूक अर्थातच पहिल्या दिवशीच्या प्लगची. लेव्हल नीट पाहिली असती तर अठरा दिवस, सहाशे किलोमीटर आणि घाटातला तो ताप टळला असता. दुसऱ्या गियरच्या क्लचने त्या काळात किती घसरण सोसली याची नोंद शिकलेल्या आकड्यांत होती. इतर क्लचांच्या तुलनेत त्याला भरायला जास्त वेळ दिला जात होता. नव्याने शिकवल्यानंतर तो आकडा जवळपास इतरांच्या बरोबरीला आला, पण अस्तराची थोडी झीज झालीच असणार.

वहीचा प्रश्न वेगळा आहे. गिऱ्हाईक काय सांगते यापेक्षा यंत्र काय सांगते याला आम्ही जास्त मान देतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते, कारण लोक आठवणीतून सांगतात. सरांनी आठवणीतून सांगितले नव्हते, लिहून आणले होते. आता तक्रार घेताना आम्ही चढ की उतार, डावे की उजवे, गाडी गार की गरम, हे तीन प्रश्न कागदावर लिहूनच विचारतो.

मशीनने एकदम ऑइल बदलले असते तर काय झाले असते, याचा मी नंतर विचार केला. बहुधा थरथर तितकीच गेली असती आणि तीन आठवडे वाचले असते. पॅन आधी उघडून, चुंबक पाहून, मग मशीन लावणे हा दोन्हींचा मेळ घालणारा मार्ग होता आणि पुढच्या अशाच गाडीला मी तोच सुचवला. सरांच्या बाबतीत टप्प्यांचा फायदा एवढाच झाला की कारण ऑइलच होते हे निर्विवाद ठरले, आणि अडीच लाखांचा सल्ला ऐकून आलेल्या माणसाला तेवढी खात्री हवी होती.

बिल लिहिण्याची पद्धतही बदलली. 'लेव्हल ओके' हे शब्द आमच्या गॅरेजमध्ये आता चालत नाहीत. त्याऐवजी निघालेले ऑइल, घातलेले ऑइल, त्याची प्रत, लेव्हल घेतानाचे तापमान आणि इंजिन चालू होते की बंद, असे पाच रकाने असतात. ते रकाने कागदावर आखून देण्याचे काम सरांनीच केले, पट्टीने.

ऑक्टोबरच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारले, "मग आता पुढचं ऑइल कधी?" घाट असाच चालू राहिला तर चाळीस हजार किलोमीटरला, असे मी सांगितले, आणि त्याआधी लिंब खिंडीच्या चढावर थरथर पुन्हा जाणवू लागली तर ऑइलाची वाट न पाहता थेट कन्व्हर्टरविषयी बोलायचे. त्यांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि मीटरवरचा आकडा शेजारी नोंदवला.